विनिपेगचं अंगण

अर्धं ब्लेड. दाढीच्या ब्लेडचे मधोमध मोडून केलेले दोन तुकडे, त्यांतला एक, धरायच्या बाजूला कागदाची घडी घातलेला. त्याची धार ट्रेसिंग पेपरवर इतकी आडवी, इतकी हलकी फिरवायची की शाई तेवढी सुटावी आणि कागदाला कळूही नये. अंजनीला हे जमायचं. ऑफिसात कुणाचीही रेघ चुकली की ती खरवडायचं काम तिच्याकडे यायचं. काळी रेघ आधी करडी होते, मग तिचा भुगा होतो, मग एक फुंकर… आणि काही झालंच नव्हतं असा कागद. पण आज तिनं खरवडलं ते चुकलेलं नव्हतं. तिथं ‘बारा इंच खडी’ असं लिहिलेलं होतं, कालच, तिच्याच सुबक अक्षरात. आणि बारा हा आकडा बरोबर होता.

आता तिथं एक पांढुरका, किंचित खरखरीत डाग होता. ती पेन हातात धरून त्या डागाकडे बघत राहिली. दोन लिहावेत? दोन लिहिले तर गुरुदत्तलासुद्धा संशय येईल. चार बरे. चार इंच कुणालाही खरे वाटतील.

गुरुदत्त तिचा थोरला भाऊ. आधी सौदीत वेल्डर होता, तिथून कॅनडाला गेला, विनिपेग नावाच्या गावात आता त्याचं स्वतःचं घर होतं आणि घरामागे मोकळी जागा. त्या जागेत त्याला फरसबंद अंगण करायचं होतं. शेजारच्या माणसानं केलं होतं, ते दोन हिवाळ्यांत उखडलं, फरशा दातांसारख्या वरखाली झाल्या. म्हणून गुरुदत्तनं ओळखीच्या माणसाबरोबर जागेचा फोटो, मापं आणि तिकडची एक पुस्तिका पाठवली, आणि इकडे शेजाऱ्यांकडे आलेल्या फोनवर मोठ्यानं म्हणाला, “अंजे, तू ड्राफ्ट्समन ना? मंग भावासाठी येक नकाशा काढ की! आई मे महिन्यात येतेय, तिला बसाया जागा नको का?”

अंजनीनं पुस्तिका वाचली. रोज थोडी थोडी, अंबरनाथ एमआयडीसीतल्या या ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर. इथं दिवसभर ती केमिकलच्या कारखान्यांच्या शेड काढायची, टाक्यांचे पाये काढायची; इथं जमीन तापते, भिजते, पण जागची हलत नाही. तिथली जमीन गोठते. वरवर नाही, एक माणूस उभा पुरता येईल इतकी खोल. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. ते पाणी थंडीत गोठलं की फुगतं, फुगलं की वर असेल ते सगळं उचलतं, दगड, पायऱ्या, भिंतीसुद्धा. आणि बर्फ वितळला की जमीन बसते, पण जिथं होती तिथं बसत नाही. म्हणून ती माती खोदून काढायची, खाली फुटभर स्वच्छ खडी ठोकून बसवायची म्हणजे पाणी थांबणारच नाही, वर इंचभर वाळू, मग फरशा, कडा घट्ट बांधायच्या आणि उतार घरापासून दूर, फुटाला पाव इंच. तिला हे फार आवडलं होतं. जमीन आतून अशी वागते हे वाचताना तिला एक प्रकारचा… आनंद म्हणावा का त्याला? ओळख पटावी तसं वाटलं होतं.

आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की हे सगळं उलटंही काढता येईल. खडी चार इंच. उतार घराकडे. कडा मोकळ्या. नकाशा दिसायला अगदी सुंदर. नकाशाला कोण विचारतो?

पहिल्या हिवाळ्यात काही दिसणार नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर एक कोपरा उचलला जाईल, बोटभर. गुरुदत्त बाहेर येईल, हातात चहाचा मोठा कप, पायात त्या जाड चपला, आणि तो कोपरा त्याच्या अंगठ्याला धरेल… तो पुढे पडेल, हात टेकायला वेळ मिळणार नाही, आणि पुढच्या फरशीची उभी राहिलेली कड सरळ त्याच्या तोंडात. तिला तो आवाज ऐकू यायचा. ओला नारळ दगडावर पहिल्यांदा आपटतो तेव्हा येतो तो. ती त्याला पुन्हा उठवायची, पुन्हा पाडायची. टाकीच्या पायाचं ड्रॉइंग करता करता, डब्यातली भाजी खाता खाता तिनं त्याला किती वेळा पाडलं होतं, कधी भुवई फुटायची, कधी दात आत जायचे, आणि प्रत्येक वेळी बर्फावर ते लाल, इतकं स्वच्छ लाल की तिला घोटभर पाणी प्यावंसं वाटायचं.

एकच अडचण होती. कधी कधी तो पडायच्या ऐवजी आई पडायची.

आई, सगुणाबाई, मे महिन्यात जाणार होती, कायमची म्हणूनच. गुडघे दुखतात म्हणून चालताना पाय उचलत नाही, फरफटत नेते. त्या उंचावलेल्या कोपऱ्याला पहिला पाय लागणार तो तिचाच. हे दिसलं की अंजनी पेन खाली ठेवायची, आकडा तसाच राहू द्यायची, दोन दिवस नकाशाकडे बघायची नाही. पण आज सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली होती, “गुरूनी काय मागतला तर कर गो बाय. त्याचा मन लय मोठा हाय.” आणि अंजनी इथं आल्या आल्या ब्लेड शोधायला लागली होती.

मन लय मोठा हाय.

चौऱ्याऐंशी साल. भाताची झोडणी संपत आली होती, बदलापूर गावातल्या त्यांच्या घराच्या परसात पेंढ्याची उडवी, कोंडा, पाणी तापवायची चूल, चुलीशेजारी पाटा-वरवंटा. अंजनी आणि सुदाम अंबरनाथच्या आयटीआयमध्ये एका वर्गात होते, ड्राफ्ट्समनच्या. सुदाम बौद्धवाड्यातला. त्याचा हात असा होता की मास्तर त्याची शीट भिंतीला लावायचे. पट्टी न धरता तो रेघ मारायचा आणि मग पट्टी लावून दाखवायचा, बघ. त्या दोघांचं आहे हे गावात कळलं तेव्हा घरात कुणी ओरडलं नाही, हेच तिला तेव्हा चांगलं वाटलं होतं. गुरुदत्त म्हणाला, बोलाव त्याला, चहाला. बोलू. समजूतदार दिसतो.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईनं त्याला परसात बसवून चहा दिला, कान तुटलेल्या कपात. घरातले बाकीचे कप फळीवर होते, चांगले, फुलांचे. अंजनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती आणि तिनं तो कप बघितला, आणि तरीही तिला वाटलं की होईल, हळूहळू होईल सगळं. सुदामनं चहा संपवून कप खाली ठेवला, स्वतःच विसळायला पाणी कुठं आहे म्हणून इकडं तिकडं बघितलं. तेवढ्यात मागून चुलत भाऊ आले. त्यांनी त्याला पालथा पाडला. गुरुदत्त आरामात उठला, धोतराचा नाही, पँटचा गुडघा झटकला, असं काय काय आठवतं… आणि त्याच्या डोक्याशी उकिडवा बसून म्हणाला, “कंच्या हातानं रेगा मारतंस रं?”

सुदामनं फक्त आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बघायला नको होतं. एवढंसं, डोळ्यांनी.

गुरुदत्तनं वरवंटा उचलला.

आईनं आतून दार लावलं, कडी घातली, दाराला पाठ लावून उभी राहिली. अंजनी ओरडत होती, खिडकीचे गज धरून ओरडत होती, तेव्हा आई आली आणि पदराचा बोळा तिच्या तोंडात कोंबला, आणि अंजनी तिच्या अंगठ्याला चावली, हाडापर्यंत चावली. पाट्यावर हात होता सुदामचा. मसाला वाटतात त्या पाट्यावर. ओला नारळ दगडावर आपटतो, तसा… एकदा नाही. मग बोटं बोटांसारखी राहिली नाहीत आणि सुदामचा आवाजही माणसासारखा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं पाटा राखेनं घासला, दोनदा पाणी ओतलं आणि त्यावर खोबरं वाटलं. सगळे जेवले. मीही जेवले, काय करणार होते मी, भूक लागली होती मला.

सुदामचा बाप पोलिसात गेला. गावातली चार माणसं बसली, आणि कागदावर असं आलं की आयटीआयच्या मशीनमध्ये हात गेला. गुरुदत्त पुढच्याच उन्हाळ्यात सौदीला गेला. त्यानंतर बाबा वारले, घर कुणीतरी चालवायला हवं होतं, म्हणून ज्या मुलीला कोंडून ठेवलं होतं तिलाच दार उघडून नोकरीला पाठवलं. लग्नाचं कुणी काढलं नाही. तिनंही नाही.

“अंजनी,” केबिनमधून मोटवानी साहेबांचा आवाज आला, “वो टँक के प्रिंट रेडी रख. पार्टी आयेगी अभी.”

साहेब उल्हासनगरचे, सिंधी, मनानं बरे. भावाचा फोन ऑफिसवर येऊ दे म्हणाले होते, आज संध्याकाळी तो येणार होता. अंजनीनं प्रिंटांची गुंडाळी बांधली. प्रिंट काढायच्या अमोनियाचा वास तिच्या डोळ्यांत गेला. पार्टी म्हणजे कोण येणार हे तिला माहीत होतं.

टाकी ज्यांची त्या केमिकल कंपनीत सुदाम स्टोअरकीपर होता. उल्हासनगरला राहायचा, बायको रखमा बालवाडीत शिकवायची. महिन्यातून एखाद्या वेळी तो प्रिंट न्यायला यायचा. यायचा, डाव्या हातानं सही करायचा, गुंडाळी उजव्या काखेत धरायचा, कारण उजवा पंजा एखादं पान वाळून मिटावं तसा मिटलेला होता. त्यांच्यात बोलणं व्हायचं ते असं: दोन कॉप्या आहेत ना? आहेत. उरलेली कधी? सोमवारी. इतक्या वर्षांत याच्यापलीकडे काही नाही. आणि तो गेल्यावर अंजनी गुरुदत्तला एकदा पाडायची.

तो आला. सही केली. आणि निघायच्या ऐवजी, काय झालं कोण जाणे, टेबलावरच्या कागदाकडे बघून थांबला. जुनी नजर.

“हे काय, नवीन शेड?”

“नाही. अंगण आहे. कॅनडातलं.”

“छान काढलंयस.” त्यानं वाकून बघितलं. “हे अक्षर सुधारलं तुझं.”

“गुरुदत्तचं अंगण आहे.”

तो वाकलेला होता तसाच राहिला. मग सावकाश सरळ झाला. बाहेर कुठल्या तरी कारखान्याचा भोंगा वाजला.

अंजनीला वाटलं, हीच वेळ. ती भराभर बोलायला लागली, आवाज दाबून, बोटानं कागदावर दाखवत. इतक्या वर्षांचं एखादं देणं हातात घेऊन समोर धरावं तसं. “ही खडी बघ. तिथं जमीन गोठते, फुगते. बारा इंच लागते. मी चार लिहिणार आहे. आणि उतार असा घराकडे फिरवते, कुणाला कळणार नाही. दोन हिवाळ्यांत सगळं उखडेल, सुदाम. पाणी भिंतीत शिरेल. फरशा उभ्या राहतील. पडेल तो. तोंडावर पडेल.”

सुदाम तिच्याकडे बघत होता. तिनं कल्पना केली होती की या क्षणी त्याचे डोळे भरून येतील किंवा तो हसेल. त्यातलं काहीच झालं नाही.

“हे कोणासाठी चाललंय?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी.” त्यानं तो शब्द खडा चावावा तसा चावला. “उखडली फरशी तर तो परत बसवेल, अंजनी. त्याचे हात धड आहेत.”

तिनं कागदावरचं बोट उचललं.

“मी गेलो होतो त्याला मारायला,” सुदाम म्हणाला. केबिनच्या काचेकडे एकदा बघून त्यानं आवाज आणखी खाली आणला. “तुला ठाऊक नाही. सौदीला निघाला त्या पहाटे. तुमच्या आळीच्या तोंडाशी उभा होतो, कोयता घेऊन, गोणपाटात गुंडाळून. तो बॅग घेऊन बाहेर आला. तुझी आई त्याच्या हातावर दही घालत होती. इतक्या जवळून गेला की तेलाचा वास आला मला त्याच्या डोक्याच्या. डावा हात होता, पण मारता आलं असतं. मान मोकळी होती.”

“मग?”

“मग काय. नाही मारलं.”

“का?”

“ते मी रखमाला नाही सांगितलं, तुला काय सांगू?” त्याच्या गालाचं हाड हललं. “पण ते माझं आहे. मारणं पण माझं आणि न मारणं पण माझं. त्यात तुझी रेघ नको.”

“मी त्या दिवसापासून एक दिवस सुद्धा—”

“तुझं काय असेल ते तुझ्या नावानं कर. माझा हात मध्ये घालू नको.”

त्यानं गुंडाळी काखेत नीट दाबली आणि तो गेला. जिन्यावर त्याची पावलं नेहमीसारखीच वाजली, घाई नाही, काही नाही.

पहिल्यांदा तिला त्यालाच मारावंसं वाटलं. कंपासचं टोक हातात होतं. ते त्याच्या पाठीत, शर्टाच्या मधल्या शिवणीवर… एवढी वर्षं मी कुणासाठी झिजले? कुणासाठी राहिले त्या घरात, त्या पाट्यावरचं वाटण खाल्लं, भाऊबीजेला त्या माणसाच्या फोटोला ओवाळलं, आणि हा म्हणतो माझं तुझं? कृतघ्न. भेकड. कोयता घेऊन गेला आणि तेलाचा वास घेऊन परत आला. तिनं टोक टेबलावर रोवलं, आणि टेबलाच्या लाकडात ते उभं राहिलं, थरथरत.

मग तिला वाटलं, माझं काय असेल ते. पण माझं काय होतं? मला तर काही झालंच नव्हतं. मार खाल्ला तो सुदामनं, हात गेला तो सुदामचा. मी खिडकीत होते. मी नुसती बघत होते…

नुसती बघत नव्हते.

हे आठवलं ते असं नाही की ती विसरली होती. ते तिथंच होतं, पण त्याला कधी मोजलंच नव्हतं, घरातल्या एखाद्या मोडक्या खुंटीसारखं, तिच्यावर कुणी कपडा टाकत नाही आणि ती कुणी उपटतही नाही. सुदामला उचलून नेल्यावर गुरुदत्त आत आला होता. मोरीत हात धुतले होते, साबणानं, कोपरापर्यंत. पंच्याला पुसले होते. मग तिच्यासमोर उभा राहून, अगदी शांतपणे, जणू राहिलेलं एक काम उरकावं तसं, त्यानं उघड्या पंजानं तिच्या डाव्या कानावर मारलं. तिला दुखलं नाही. नुसतं आभाळ फाटावं तसं काहीतरी आत फाटलं, आणि मग शांत. एका बाजूला अगदी शांत. तीन-चार दिवसांनी उशीवर पिवळं पाणी यायला लागलं. आई लसणीचं तेल कोमट करून घालायची आणि म्हणायची, “थंडीनी झाला. कानाला बांध.” अंजनीनंही सगळ्यांना तेच सांगितलं. थंडीनं झालं. नोकरीला लागली तेव्हा टेबल असं निवडलं की साहेबांची केबिन उजवीकडे येईल. रिक्षात बसताना, देवळात, लग्नात, सगळीकडे ती अशी उभी राहायला शिकली की चांगली बाजू माणसांकडे राहावी. आणि हे इतकं सवयीचं झालं होतं की हे कुणी केलं हा प्रश्नच उरला नव्हता. थंडीनं झालं होतं ते. बदलापुरातल्या थंडीनं.

तिनं डाव्या कानाशी बोटं चोळली. काही नाही. नखानं खरवडलं. काही नाही.

मग राग आला. सुदामसाठीचा राग तिला ओळखीचा होता. त्याला तोंड होतं, त्याच्यात एक प्रकारचं पुण्य होतं, तो घेऊन माणूस ताठ मानेनं बसू शकतो. हा तसला नव्हता. हा आंधळा होता, ओशाळवाणा होता, त्याच्या अंगाला मोरीचा वास होता.

“अंजनी! तेरे भाई का फोन. कॅनडा. जल्दी आ.”

साहेब उठून बाहेर जाऊन उभे राहिले, पेपर घेऊन. भला माणूस. तिनं रिसीव्हर उजव्या कानाला लावला.

“काय गो अंजे! झाला का नकाशा?” गुरुदत्तचा आवाज मोठा, प्रसन्न, मागे कुठं तरी किटली शिटी मारत होती. तिकडे पहाट असणार. “इथं बर्फ वितळला का लगेच खोदाया घेनार मी. दोन दोस्त येनार हायेत. आई यायच्या आत झाला पायजे.”

“गुरुदत्त.”

“हां, बोल.”

“माझा डावा कान गेलाय.”

“काय?”

“डाव्या कानानं ऐकू येत नाही मला.”

“अगो मंग उजव्याला लाव ना फोन! येडी का काय?”

“उजव्यालाच आहे.”

“मंग झाला तर.” तो हसला. “बोल, खडी किती इंच?”

“तू मारलंस म्हणून गेला,” ती म्हणाली. “सुदामला मारलंस त्या दिवशी. हात धुऊन आलास आणि मारलंस.”

तारेत नुसती खरखर. किटली बंद झाली. कुणीतरी केली, किंवा त्यानंच. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तयारी तिनं रागाची केली होती.

“तवा तुना बी मारला व्हता मी?” त्यानं विचारलं. खरोखर विचारलं. “मना आठवत नाय गो.” आणि मग, थोड्या वेळानं, थोडा दुखावल्यासारखा, “मना कुनी सांगितला पन नाय. आईनी सुदा नाय.”

ती रिसीव्हर धरून उभी होती. टेबलावरच्या काचेखाली साहेबांच्या देवाचा फोटो, एक कॅलेंडर, एक सुकलेलं फूल. त्याला आठवत नव्हतं. तिच्या अर्ध्या जगाचा आवाज त्यानं एका पंजानं बंद केला होता आणि पंच्याला हात पुसताना तो ते तिथंच पुसून गेला होता. ज्या माणसाला ती रोज बर्फावर पाडत होती, दात आत घालत होती, तो माणूस तिकडे होताच कुठं? तिकडे एक जाडजूड, थोडा थकलेला, कामावर जायची घाई असलेला बाप्या होता आणि त्याला आईसाठी अंगण करायचं होतं.

“डाक्टरला दाखीव,” गुरुदत्त म्हणाला. “आता लय इलाज निगालेत. बरा… खडीचा सांग ना. किती टाकू?”

बारा हा आकडा तिच्या जिभेवर आला. चारही आला. दोन्ही एकदम आले आणि दातांच्या मागे उभे राहिले.

“सांगत नाही.”

“काय?”

“तुझ्या अंगणाचं मी काही सांगणार नाही. खरं पण नाही आणि खोटं पण नाही.”

“अंजे, आसा काय करतंस? आई पडली तिथं तर?”

तिनं रिसीव्हर खाली ठेवला. हळूच ठेवला, काचेवर आवाज न करता. आपटायलाही तिला सुचलं नाही. साहेबांनी दारातून विचारलं, भाई ठीक है ना, आणि ती म्हणाली, ठीक आहे, एकदम ठीक आहे. ट्रेसिंग तसाच बोर्डावर टोचलेला राहिला. तिनं डबा पिशवीत टाकला आणि बाहेर पडली.

शिफ्ट सुटली होती. रस्ता माणसांनी भरलेला, निळे, खाकी शर्ट, हातात डबे, हवेत तो आंबूस केमिकलचा वास, आणि रिक्षावाले ओरडत होते, बदलापूर, बदलापूर, एक सीट, चलो ताई. ती चालत राहिली. संध्याकाळी या वेळी ती रोज एकदा मनानं त्या परसात जाऊन यायची, अगदी नेमानं. खिडकीचे गज, पेंढा, पालथा पडलेला माणूस, उकिडवा बसलेला माणूस, आणि ती गजांच्या आत, ओरडणारी. आजही गेली. पण आज खिडकी नव्हती. गज नव्हते. ती परसातच उभी होती, उघड्यावर, पायाखाली कोंडा टोचत होता, आणि हातात जड काहीतरी होतं, आणि ती मारत होती. दुसरं कुणी नाही, तीच. हात वर जात होता आणि खाली येत होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत इतकं मोकळं, इतकं गरम वाटत होतं की तिला रस्त्यातच थांबावं लागलं, एका भिंतीला हात टेकावा लागला. खाली कोण आहे हे तिला दिसत नव्हतं. तोंड मातीत होतं. गुरुदत्त असेल. गुरुदत्तच असणार. मग तिला मान दिसली, आणि मानेवर सुटत आलेला अंबाडा, पांढरा झालेला, आणि त्या दिवशी दाराला लावलेली ती पाठ.

हात थांबला नाही.

“ताई, बसताय का? एकच सीट आहे, आत सरका.”

ती सरकली. दोन बायकांच्या मध्ये तिचा खांदा दाबला गेला, कुणाची तरी भाजीची पिशवी तिच्या मांडीवर आली. रिक्षा सुटली. घरी आई वाट बघत असेल, विचारेल, गुरूचा फोन आला का गो, काय म्हनला, आणि अंजनीला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कधी नव्हे ते उत्तर तयार नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आज ती उंबऱ्याच्या आत जाईल तेव्हा तिनं मनात कुणाचीच बाजू घेतलेली नसेल, सुदामची नाही, आईची नाही, चांगुलपणाचीसुद्धा नाही. डावीकडची बाई काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. अंजनीनं मान वळवली नाही. ती समोर बघत राहिली, मुठी मांडीवर, आणि त्या मुठी उघडायची तिला घाई नव्हती.